विठ्ठलभाई पटेल आणि नियमांचे पुस्तक



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांचे पत्र आले तेव्हा मी त्यांना उलट विचारले की, आपला पत्ता तर चुकला नाही ना? मला भाषणाची सवय आहे ती कारखान्याच्या फाटकावरच्या. तेथे श्रोता उभा असतो, त्याला पाळी गाठावयाची असते, आणि भोंगा झाला की वक्त्याचे वाक्य अर्धे असले तरी सभा संपते. येथे आपण खुर्च्यांवर स्वस्थ बसला आहात आणि भोंगा व्हावयाचा नाही. त्यामुळे आज संयम वक्त्यालाच पाळावा लागणार आहे. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंत, तेही पुरे नाही. म्हणून विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये. एका माणसाविषयी मी जे वाचले आणि त्याचा माझ्या धंद्यात जो उपयोग झाला, तेवढेच सांगणार आहे.

मुंबईत गिरगावातून एक रस्ता जातो. त्याला लोक व्ही. पी. रोड म्हणतात. एकदा आमच्या युनियनच्या अभ्यासवर्गात मी तरुण पोरांना विचारले, व्ही. पी. म्हणजे कोण? बहुतेक सगळे म्हणाले, वल्लभभाई पटेल. एकजण म्हणाला, व्ही. पी. सिंग. बरोबर उत्तर कोणीच दिले नाही. तो रस्ता विठ्ठलभाई पटेलांच्या नावाचा आहे. धाकट्या भावाचे नाव एवढे मोठे झाले की त्याच्या सावलीत थोरला दिसेनासा झाला. आणि गंमत अशी की आयुष्याच्या आरंभी हाच प्रकार नेमका उलट घडला होता.

ती गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. विठ्ठलभाईंचा जन्म १८७३ सालचा. घराणे गुजरातेतील करमसदचे, शेतकऱ्याचे. दोघे भाऊ जिल्हा वकिलीची परीक्षा देऊन गोध्रा, बोरसद अशा तालुक्याच्या गावी कोर्टात उभे राहत. विलायतेस जाऊन बॅरिस्टर व्हावे म्हणून वल्लभभाईंनी पैसे साठवले आणि प्रवासाची व्यवस्था केली. कागदपत्रे आली ती ‘व्ही. जे. पटेल’ या नावाने. दोघांचीही आद्याक्षरे एकच! विठ्ठलभाई म्हणाले, मी थोरला, आधी मी जातो. धाकट्याने ते मान्य केले आणि घरखर्चही उचलला. थोरले १९०५ साली गेले, बॅरिस्टर होऊन १९०८ साली परत आले. धाकट्याची पाळी त्यानंतर १९१० साली आली. ही गोष्ट भावाच्या त्यागाची म्हणून सांगतात आणि ते खरेच आहे. पण मला तीत विठ्ठलभाईही दिसतात. कागदावर नेमके काय लिहिले आहे आणि त्याचा अर्थ आपल्याला कसा लावता येईल, हे पाहणारी नजर त्या तरुण वकिलापाशी तेव्हाच होती. पुढे हीच नजर एका साम्राज्याच्या गृहसदस्याला पुरून उरली.

परत आल्यावर ते मुंबईत वकिली करू लागले आणि थोड्याच वर्षांत मुंबई कायदेमंडळात निवडून गेले. त्या काळचे कायदेमंडळ म्हणजे काय, हे ध्यानात घ्या. मतदार मूठभर आणि सत्ता सरकारची. सभासदाने भाषण करावे, सरकारने ऐकल्यासारखे करावे आणि चहा घेऊन सर्वांनी घरी जावे, असा मामला. गोपाळ कृष्ण गोखल्यांसारख्या माणसाने सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक वरिष्ठ कायदेमंडळात मांडले. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. त्याच सुमारास गायकवाडांच्या बडोद्यात सक्तीचे शिक्षण १९०६ पासून चालू होते, आणि १९१७ साली छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात ते सुरू केले. संस्थानिकांना जमले ते इंग्रज सरकारला परवडत नव्हते!

विठ्ठलभाईंनी या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. सबंध देशासाठी मागितले तर सरकार खर्चाचे कारण पुढे करते. मग निदान नगरपालिकांना तरी मुभा द्या, ज्यांची इच्छा आणि ऐपत असेल त्यांनी आपल्या हद्दीत सक्ती लागू करावी, अशी मागणी त्यांनी केली. १९१८ साली हा कायदा झाला. ब्रिटिश हिंदुस्थानातील सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हा पहिला कायदा. लोक त्याला पटेल कायदाच म्हणत. मुंबई शहर त्यात येत नव्हते. तेथे वेगळा कायदा होऊन १९२५ साली एफ आणि जी या दोन वॉर्डांत सक्ती सुरू झाली. हे वॉर्ड म्हणजे परळ, लालबाग, वरळी, दादर. म्हणजेच गिरणगाव.

येथे थोडे स्वतःविषयी सांगितले तर क्षमा असावी. माझा जन्म याच एफ वॉर्डातला. वडील एका गिरणीत साचेखात्यात होते. मी महानगरपालिकेच्या शाळेत जात असे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. पहिले दोन-तीन महिने आम्हां मुलांना ती सुट्टीच वाटली. मग घरातले पितळेचे हंडे एकेक करून बाहेर गेले आणि त्यांच्या मागोमाग मी शाळेबाहेर आलो. एका चहावाल्याकडे कपबशा विसळू लागलो. आमच्या गुरुजींनी दोनदा घरी येऊन वडिलांची समजूत घातली. वडील गप्प बसून राहिले. आई म्हणाली, “गुरुजी, सक्ती शाळेची आहे तशी पोटाचीही आहे.” गुरुजींना पुढे बोलता आले नाही.

म्हणजे पटेल कायदा फुकट गेला काय? पुष्कळ वर्षे मला तसे वाटत होते. आता वाटत नाही. त्या शाळेने मला अक्षर दिले होते. पुढे युनियनच्या कचेरीत झाडलोट करू लागलो तेव्हा जुने करारनामे, निवाडे, कायद्याची पुस्तके माझ्या हाती पडली. एक फाटका इंग्रजी शब्दकोश घेऊन मी ती वाचावयास शिकलो. अक्षरच नसते तर शब्दकोशाचा काय उपयोग होता? कायद्याने माझे शिक्षण पुरे केले नाही हे खरे, पण त्याचा पाया घातला. एखाद्या कायद्याकडून किती अपेक्षा करावी, याचा हा माझा पहिला धडा.

विठ्ठलभाईंच्या आणखी एका विधेयकाचा महाराष्ट्राशी निकट संबंध आहे. वरिष्ठ कायदेमंडळात गेल्यावर १९१८ साली त्यांनी हिंदूंमधील आंतरजातीय विवाह कायदेशीर ठरवणारे विधेयक मांडले. त्यावर मोठे वादळ उठले. शाहू महाराजांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९१९ साली आपल्या संस्थानापुरता तसा कायदाही केला. विठ्ठलभाईंचे विधेयक मात्र पास झाले नाही. असो.

पुढे असहकारिता आली, आणि ती थंडावल्यावर चित्तरंजन दास व मोतीलाल नेहरू यांच्याबरोबर विठ्ठलभाई १९२३ साली स्वराज्य पक्षात उभे राहिले. कायदेमंडळात शिरून सरकारला आतून अडवावे, हे त्या पक्षाचे धोरण. विठ्ठलभाई मुंबई शहरातून मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून गेले. त्या निवडणुकीत गिरणी कामगाराला मत नव्हते, हेही सांगितले पाहिजे. कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तेथे बसणारे ना. म. जोशी हे सरकारनियुक्त होते. विठ्ठलभाई कामगार पुढारी नव्हते. त्यांना ओढूनताणून तसे करण्याची माझी इच्छा नाही.

ऑगस्ट १९२५ मध्ये या सभागृहाने प्रथमच आपला अध्यक्ष निवडला. तोवर अध्यक्ष सरकारनियुक्त असे. विठ्ठलभाईंना ५८ मते पडली, प्रतिस्पर्ध्याला ५६. दोन मतांनी हा माणूस त्या खुर्चीवर बसला आणि बसताच म्हणाला की, आजपासून मी कोणत्याच पक्षाचा नाही. काल सरकारला अडवण्याची प्रतिज्ञा करणारा आज निःपक्षपाती कसा राहणार, ही शंका सगळ्यांना होती. पण १९२७ साली पुन्हा निवडणूक झाली तेव्हा त्यांच्याविरुद्ध कोणी उभेच राहिले नाही. आपल्या पगारातील मोठा भाग ते सार्वजनिक कार्यासाठी दरमहा गांधीजींकडे पाठवीत. गांधीजींचे सगळे तत्त्वज्ञान त्यांना पटत होते असे नाही. पण पैशाच्या बाबतीत माणूस चोख होता.

चुकाही त्यांच्या हातून झाल्या. मार्च १९२६ मध्ये स्वराज्य पक्ष सभात्याग करून गेला, तेव्हा अध्यक्षांनी सभा तहकूब केली आणि आता वादग्रस्त कामे आणू नका, नाहीतर मला माझे अधिकार वापरावे लागतील, अशा अर्थाचा इशारा सरकारला दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी भर सभागृहात सांगितले की, धमकी वाटेल असे शब्द मी वापरावयास नको होते. खुर्चीवर बसून चूक कबूल करणे सोपे नसते. आमच्या युनियनच्या वार्षिक सभांत मी अध्यक्ष पुष्कळ पाहिले आहेत. चूक कबूल करणारे एका हाताच्या बोटांवर मोजावेत.

आणखी एक काम त्यांनी केले, ज्याची फारशी वाखाणणी होत नाही. सभागृहाची कचेरी सरकारी खात्याच्या ताब्यात होती. म्हणजे ज्याच्यावर देखरेख ठेवावयाची, त्याचेच कारकून अध्यक्षाला सल्ला देणार! विठ्ठलभाईंनी झगडून कायदेमंडळाची स्वतंत्र कचेरी मिळवली. ती जानेवारी १९२९ मध्ये सुरू झाली. आपले दप्तर आणि आपला कारकून आपल्याच हातात पाहिजे, हे ज्याने युनियन चालवली आहे त्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. १९२८ च्या एप्रिलात मुंबईतील गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते आणि संप ऑक्टोबरपर्यंत चालला. सरकारला या चळवळीमागे बाहेरची फूस दिसली. फिलिप स्प्रॅट, बेन ब्रॅडले असे काही इंग्रज कार्यकर्ते येथे येऊन कामगारांत काम करीत होते. अशांना देशाबाहेर काढता यावे म्हणून सरकारने सार्वजनिक सुरक्षितता विधेयक आणले. अधिवेशन सिमल्यास होते. २४ सप्टेंबर १९२८ रोजी मते मोजली, तर बाजूने ६१ आणि विरुद्धही ६१. निर्णायक मत अध्यक्षांचे. मुंबईत गिरण्या अजून बंद होत्या, आणि कामगारांच्या बाजूने आलेल्या माणसांना हद्दपार करता यावे की नाही, हे सिमल्याच्या थंड हवेत एका गुजराती बॅरिस्टरच्या मतावर येऊन ठेपले.

विठ्ठलभाईंनी मत विरुद्ध दिले. त्यांनी सांगितलेले कारण असे, की हे विधेयक असाधारण आहे. असा कायदा ज्याला हवा असेल त्याने सभागृहाला पटवून स्वतःचे बहुमत मिळवावे, अध्यक्षाच्या मतावर विसंबू नये. कम्युनिस्टांविषयी बरे-वाईट एक अक्षर नाही. केवळ नियम!

सरकार स्वस्थ बसणारे नव्हते. १९२९ च्या आरंभी विधेयक पुन्हा आले. त्याच्या जोडीला ट्रेड डिस्प्यूट्स विधेयक होते. त्यात चौकशी आणि समेट मंडळांची सोय होती, पण सरकारवर दडपण आणणारे व्यापक संप व सहानुभूतीचे संप बेकायदा ठरत होते. रेल्वे-टपालासारख्या लोकोपयोगी सेवांत चौदा दिवसांची नोटीस दिल्यावाचून संप करता येणार नव्हता. आणि २० मार्च १९२९ रोजी देशभर धरपकड होऊन मीरत खटला उभा राहिला. डांगे, घाटे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर पकडले गेले. गिरणीतले कामगार अर्जुन आळवे आणि कासले पकडले गेले. स्प्रॅट आणि ब्रॅडलेही त्यांतच होते.

येथे विठ्ठलभाईंच्या त्या जुन्या नजरेने काम केले. त्यांनी विधेयकाच्या समर्थनाची सरकारी भाषणे आणि खटल्याची फिर्याद शेजारी शेजारी ठेवून वाचली. दोहोंत आधार एकच होता. मग त्यांनी सरकारला विचारले की, न्यायालयापुढे असलेल्या प्रकरणाचा ऊहापोह सभागृहात करता येत नाही, हा तुमचाच नियम आहे. मग त्या प्रकरणाला न शिवता या विधेयकावर वादविवाद कसा करावयाचा? तेव्हा एक तर खटला संपेपर्यंत विधेयक थांबवा, नाहीतर खटला मागे घ्या. सरकारने दोन्ही नाकारले.

८ एप्रिल १९२९. ट्रेड डिस्प्यूट्स विधेयक मतांनी पास झाले. अध्यक्ष दुसऱ्या विधेयकावरील आपला निर्णय देण्यासाठी उठले, आणि तेवढ्यात प्रेक्षकांच्या सज्जातून बाँब पडले. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त! धूर, पळापळ, पत्रके. त्या पत्रकांतही या दोन विधेयकांचा निषेध होता. हा प्रसंग शाळेतले पोरही जाणते. पण बाँबच्या धुरात एक गोष्ट झाकली जाते. तीन दिवसांनी, ११ एप्रिलला, विठ्ठलभाई पुन्हा त्याच खुर्चीवर बसले आणि तोंडात राहिलेला निर्णय त्यांनी दिला. विधेयक नियमबाह्य! बाँब पडल्यानंतर सरकारला घाबरून किंवा लोकांना खूश करण्यासाठी त्यांनी निर्णय बदलला असता, तर कोणी नवल केले नसते. त्यांनी दिला तो निर्णय आठवड्यापूर्वी सांगितलेल्या कारणांवरच उभा होता.

आणि मग काय झाले? १२ एप्रिलला व्हाइसरॉय आयर्विन स्वतः येऊन बोलले. १३ एप्रिलला वटहुकूम निघाला. सभागृहात जे अडले ते व्हाइसरॉयच्या सहीने दोन दिवसांत झाले. मीरतचे आरोपी वर्षानुवर्षे तुरुंगात राहिले. ट्रेड डिस्प्यूट्स विधेयक तर नियमात बसत होते, म्हणून ते विठ्ठलभाईंना अडवता आलेच नाही.

एखादा म्हणेल, मग या सगळ्याचा उपयोग काय? दोन दिवसांचा विजय! या प्रश्नाचे उत्तर मी पुस्तकातून देऊ शकत नाही. माझ्या अनुभवातून देतो.

१९९६ सालची गोष्ट. ठाणे-बेलापूर पट्ट्यात एक लहानसा कारखाना होता, कामगार बासष्ट. पगारवाढीचे प्रकरण समेट अधिकाऱ्यापुढे चालू होते. एके दिवशी मालकाने नोटीस लावली की, सोमवारपासून पाळ्यांच्या वेळा बदलल्या. तरुण पोरे खवळली. आत्ताच्या आत्ता मशीन बंद करू म्हणाली. मी सव्वीस वर्षांचा, मलाही तेच वाटत होते. आमचे जुने चिटणीस मात्र शांतपणे म्हणाले, “आधी कलम तेहेतीस वाच.” मी औद्योगिक विवाद कायदा उघडून शब्दाखाली बोट ठेवून वाचू लागलो. समेटाचे काम चालू असताना त्या प्रकरणाशी संबंधित सेवाशर्ती कामगाराला बाधक होतील अशा मालकाला बदलता येत नाहीत. आम्ही अर्ज दिला. चौथ्या दिवशी नोटीस उतरली. पोरांनी पेढे वाटले.

दोन वर्षांनी त्याच मालकाने यंत्रे उचलून दुसऱ्या राज्यात नेली. कारखाना बंद करण्यास सरकारची परवानगी तेव्हा लागत असे ती शंभर किंवा अधिक कामगार असतील तरच. आमचे बासष्ट. कलम नव्हते.

पण मधली दोन वर्षे गेली कोठे? त्या दोन वर्षांत पगारवाढीचा करार झाला. नोटीस उतरवता येते हे कळल्यामुळे जे युनियनला भीत होते ते सभासद झाले. कारखाना गेला तेव्हा हे बासष्टजण विखुरले नाहीत. एकत्र राहून त्यांनी आपली देणी वसूल केली. नियमाने आम्हांला कारखाना मिळाला नाही, वेळ मिळाला. त्या वेळेत आम्ही काय केले, ते आमच्या संघटनेचे काम होते. विठ्ठलभाईंच्या निर्णयाचे मोल मी याच मापाने करतो. सरकारला जे कायदेमंडळाच्या नावाने करावयाचे होते, ते त्याला उघडपणे एका माणसाच्या हुकमाने करावे लागले. सारा देश ते पाहत होता. बाहेर चळवळ होती म्हणून त्या पाहण्याला अर्थ आला.

विठ्ठलभाईंनाही नियमाची हद्द ठाऊक होती. मिठाचा सत्याग्रह सुरू झाल्यावर एप्रिल १९३० मध्ये त्यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. पेशावरच्या गोळीबाराची काँग्रेसतर्फे चौकशी केली, तो अहवाल सरकारने जप्त केला. तुरुंगवासात प्रकृती ढासळली. उपचारासाठी ते युरोपात गेले, आणि २२ ऑक्टोबर १९३३ रोजी जिनिव्हाजवळ वारले. शेवटच्या आजारात सुभाषचंद्र बोस त्यांच्यापाशी होते. मृत्युपत्रात त्यांनी मोठी रक्कम सुभाषबाबूंच्या हाती राष्ट्रकार्यासाठी ठेवली होती. त्यावर वाद होऊन १९३९ साली मुंबई हायकोर्टाने ठरवले की, हे शब्द मोघम आहेत, ही देणगी कायद्याने टिकत नाही. सरकारचे शब्द चिमटीत धरणारा वकील, आणि त्याचेच शेवटचे शब्द कोर्टात टिकले नाहीत! हे वाचले तेव्हा मला हसू आले नाही, वाईट वाटले.

श्रोतेहो, त्या १९२९ च्या कायद्यातील चौदा दिवसांची नोटीस लोकोपयोगी सेवांपुरती होती. २०२० साली संसदेने पास केलेल्या आणि नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती सर्व कारखान्यांना लागू झाली आहे. मी त्याविरुद्ध मोर्चे काढले आहेत, पुढेही काढीन. पण आमच्या अभ्यासवर्गात मी पोरांना आधी ती संहिता वाचावयास लावतो. मुलांना कंटाळा येतो. एकाने परवा विचारले, “साहेब, जो कायदा आपल्याला मान्य नाही तो पाठ कशाला करायचा?” मी त्याला विठ्ठलभाईंची गोष्ट सांगितली. सरकारचा नियम सरकारपेक्षा बारकाईने वाचणारा एक माणूस खुर्चीवर होता, म्हणून एका साम्राज्याला दोन दिवस थांबावे लागले. तो पोरगा जरा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “मग पहिल्यापासून वाचू या.” आम्ही कलम एकपासून सुरुवात केली आहे. अजून पुष्कळ बाकी आहे.